भरावाला माती कमी पडतेय, ट्रिपा तर पूर्ण झाल्या... नेमकं कुठं चुकलं?

पहिला_भराव

नमस्कार मंडळी. मी आत्तापर्यंत पायाची खोदाई, पाइपलाइनचे चर, प्लॉट लेव्हलिंग असली लहान कामं करत आलोय, स्वतःचं एक २० टनी पोकलेन आहे, डंपर भाड्याने लावतो. या वेळी पहिल्यांदाच रस्त्याच्या भरावाचं काम सब काँट्रॅक्टवर घेतलं आणि आता पार अडकलोय, म्हणून सगळं सविस्तर लिहितो, लांबलं तर समजून घ्या.

भराव ३०० मीटर लांब, वरची रुंदी १२ मीटर, सरासरी उंची २.५ मीटर, बाजूचा उतार १ ला २ (१ उभा, २ आडवा). म्हणजे खाली रुंदी २२ येते, क्षेत्रफळ ४२.५, गुणिले ३०० म्हणजे १२,७५० घनमीटर. डंपरची बॉडी मी स्वतः टेप लावून मोजली, काठोकाठ सपाट भरला तर १४ घनमीटर बसतात. १२,७५० ला १४ ने भागलं तर ९११ ट्रिपा. माझा भाचा सकाळपासून गेटवर वही घेऊन उभा असतो, गाडी आत आली की एक रेघ, पाच झाल्या की आडवी रेघ. काल ९१५ ट्रिपा पूर्ण झाल्या आणि भराव अजून १.३ मीटरवरच आहे, म्हणजे उंचीने जेमतेम निम्मा!! लेव्हल दोनदा लावून बघितली.

आता डंपरवाल्यावर संशय येतोय. गाड्या अर्ध्या भरून आणतात का, की भाच्याच्या नजरेआडून एकच गाडी दोनदा मोजली जातेय. काल त्याच्याशी बोलाचाली पण झाली आणि तो म्हणतोय की पैसे चुकते करा, मी गाड्या काढून घेतो. त्याला ट्रिपेवर पैसे द्यायचेत आणि मला मात्र मेन काँट्रॅक्टर देणार भरावाच्या मापावर. रात्री झोप नाही.

दुसरी अडचण, आत्तापर्यंत साधारण सात थर झाले, सहा पास झाले, ९६ ते ९८ टक्के कॉम्पॅक्शन (मातीची दाबणी) आलं, किमान ९५ लागतं. सातवा फेल, ९२.५ आला. रोलरच्या आणखी फेऱ्या मारल्या, एकूण १४ झाल्या असतील, तरी तेवढाच. उलट आता रोलर चालला की पुढची जमीन उचलल्यासारखी होते आणि मागे परत खाली बसते, गादीवर चालल्यासारखं. पाणी तर तपासून टाकतोय. कुणी सांगेल का काय करायचं.

जुना_मुकादम

भाऊ, आधी डंपरवाल्याला फोन करा आणि शांतपणे बोला, तुम्ही दिलेल्या आकड्यांत तरी त्याची चोरी मला दिसत नाही. मी याच धंद्यात केस पांढरे केलेत आणि हा हिशोब चुकून भागीदार भागीदाराच्या जिवावर उठलेले बघितलेत, म्हणून पहिलं हेच सांगतोय.

माती तीन जागी तीन मापाची असते. खाणीत जागेवर बसलेली असते तेव्हा एक माप. बकेटने उकरली की मोकळी होते, ढेकळांच्या मध्ये हवा शिरते, ती फुगते, ते गाडीतलं माप. आणि भरावावर पसरून पाणी मारून रोलरखाली दाबली की ते तिसरं माप, आणि हे तिसरं माप बहुतेक मातीत खाणीतल्या पहिल्या मापापेक्षाही कमी भरतं, कारण रोलर तिला निसर्गाने बसवली होती त्याहून घट्ट बसवतो. तुम्ही गाडीतलं माप घेतलं आणि तिसऱ्या मापाच्या हिशोबाला थेट भागलं. घोळ तिथंच आहे.

साधी माती धरली तर उकरल्यावर साधारण २५ टक्के फुगते. चिकण माती ३० ते ४०, वाळू आणि रेती त्यामानाने कमी, १०-१५. (सुरुंग लावून फोडलेल्या खडकाचं गणित वेगळंच, तो निम्म्याहून जास्त फुगतो आणि भरावात दाबला तरी मूळ मापावर परत येत नाही, तिथं उलट माल उरतो.) तुमची साधी माती धरून करू. ९१५ गुणिले १४ म्हणजे १२,८१० घनमीटर मोकळी. १.२५ ने भागा, खाणीतली झाली १०,२४८. दाबल्यावर त्यातली १० टक्के घटते असं धरा, राहिली ९,२२३. म्हणजे गाडीतल्या एका घनमीटरचा भरावात झाला ०.७२. तुमच्या १४ च्या गाडीतून भरावाला फक्त १० घनमीटर पोचतात, बाकीची चार गाडीत हवा होती.

आणि एक, उंची निम्मी दिसतेय म्हणून काम निम्मंच झालंय असं समजू नका. भराव खाली रुंद असतो, खालच्या १.३ मीटरमध्ये ६० टक्के माल जातो. त्यामुळे दिसतंय तेवढं वाईट नाही. पण ९,२२३ मधून सुद्धा तुमची उंची १.३ च्या वर जायला हवी होती, तेव्हा अजून कुठंतरी माती मुरलीय. वरची सुपीक माती किती काढली होती?

ऑटो_लेव्हल

मुकादम काकांनी बरोबर धरलंय. ती मुरलेली माती कुठं गेली ते मी सांगतो, मी सर्व्हेवाला आहे, हे दर भरावात होतं आणि दर वेळी भांडण होतं.

पहिलं म्हणजे स्ट्रिपिंग. गवत-मुळं असलेली वरची माती १५० मिमी काढली असेल तर २२ गुणिले ३०० म्हणजे ६,६०० चौरस मीटर, त्याचे झाले ९९० घनमीटर. ती काढून टाकलेली माती भरावात चालत नाही, म्हणजे तेवढा खड्डा आधी भरून मग तुम्ही शून्यावर आलात. तुमच्या ४२.५ मध्ये हा खड्डा कुठेच नाही.

दुसरं, मूळ जमीन पण दबते. स्ट्रिपिंग झाल्यावर तळ रोलरने दाबला असेल ना, तो मोकळ्या जमिनीत ३०-५० मिमी सहज बसतो. ४० धरा, २६४ घनमीटर गेले.

तिसरं, कडा. रोलर अगदी कडेला नेता येत नाही, नेलाच तर कड दबण्याऐवजी बाहेर ढासळते, शिवाय जिवाला धोका. म्हणून दोन्ही बाजूंना ३०० मिमी जास्त भरून नंतर उतार छाटतात. १.३ मीटर उंचीपर्यंत त्याचे २३० च्या आसपास. ही माती वाया जात नाही, छाटलेली वरच्या थरात घेता येते, पण आत्ता ती कडेला अडकून बसलीय.

९,२२३ मधून हे सगळं वजा करा, ७,७०० च्या जवळ राहतात. भागिले ३००, आणि खालून वर २२ रुंदीने चढत या, उंची येते १.३३ मीटर. तुम्ही सांगताय १.३. आता सांगा कोण चोर!

अजून एक गोष्ट जी बहुतेक जण विसरतात. तुम्ही सरासरी उंची धरून क्षेत्रफळ काढलंय. जमीन सपाट असेल तर ठीक, पण वरखाली असेल तर हा हिशोब कायम कमी भरतो, कारण उंची वाढली की उतारामुळे रुंदी पण वाढते. समजा निम्म्या लांबीत उंची १.५ आहे आणि निम्म्यात ३.५, सरासरी २.५ च आली. पण १.५ ला क्षेत्रफळ २२.५ आणि ३.५ ला ६६.५, त्यांची सरासरी ४४.५. तुमच्या ४२.५ पेक्षा २ जास्त, म्हणजे ३०० मीटरला ६०० घनमीटर! तेव्हा दर २० मीटरला क्रॉस सेक्शन (भरावाचा आडवा छेद) घ्या, जिथं नाला किंवा खळगा आहे तिथं मध्येच एक जास्तीचं घ्या, प्रत्येकाचं क्षेत्रफळ वेगळं काढा, मग लागोपाठच्या दोघांची सरासरी गुणिले अंतर.

पहिला_भराव

दोघांचे मनापासून आभार, डोक्यावरचं ओझं उतरलं. स्ट्रिपिंग १५० च केलं होतं आणि तळ पण रोल केला होता, मी त्याचा विचारच केला नव्हता. डंपरवाल्याला सकाळीच फोन केला, झालं ते सांगितलं, माफी मागितली, त्याने गाड्या ठेवल्यात.

आता पुढच्यासाठी विचारतो, २५ टक्के आणि १० टक्के हे पुस्तकी आकडे झाले, माझ्या मातीचा खरा आकडा कसा काढायचा? उरलेल्या ट्रिपांचा अंदाज परत चुकला तर मी उठणार नाही यातून. आणि सातव्या थराचं कुणी बोललं नाही. ओएमसी (ज्या ओलाव्याला माती सगळ्यात घट्ट बसते तो) १४ टक्के आहे, एमडीडी (तेव्हाची कमाल कोरडी घनता, कॉम्पॅक्शनची टक्केवारी हिच्यावरच काढतात) १.८५ टन प्रति घनमीटर. साइटवर तो बाटलीसारखा मॉइश्चर मीटर आहे, पावडर टाकून हलवायचा, त्यात १६ आलं. दोनच टक्के वर आहे म्हणून चालून जाईल असं वाटलं होतं.

लॅबवाली_ताई

दादा, तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच जागी आहे म्हणून एकत्रच लिहिते. मातीचा घनमीटर बदलत राहतो, पाणी कमीजास्त होत राहतं, न बदलणारी गोष्ट एकच, कोरड्या मातीचं वजन. खाणीतून एक टन कोरडी माती उचलली तर गाडीत पण एक टनच असते आणि भरावात पण एक टनच जाते. म्हणून हिशोब ड्राय डेन्सिटीने, म्हणजे एका घनमीटरात कोरडी माती किती टन बसते त्याने, करायचा.

खाणीत तीन-चार ठिकाणी कोअर कटर (मातीचा नमुना काढायची ठराविक मापाची लोखंडी नळी) ठोका, वजन घ्या, मॉइश्चर काढा. ओली घनता भागिले (१ अधिक मॉइश्चर), ती झाली जागेवरची ड्राय डेन्सिटी. मग चार-पाच गाड्या नेहमीसारख्या भरून वजनकाट्यावर न्या, रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, त्याच मातीचं मॉइश्चर काढा आणि एका गाडीत कोरडी माती किती टन येते ते बघा. शेवटी भरावावर पास झालेल्या थरांची ड्राय डेन्सिटी तुमच्याकडे आहेच. गाडीतले कोरडे टन भागिले भरावाची ड्राय डेन्सिटी, म्हणजे एका ट्रिपेत पक्का भराव किती होतो ते थेट मिळालं, फुगवटा वगैरे मध्ये आणायची गरजच नाही. एक काळजी घ्या, भागताना ९५ टक्क्याची डेन्सिटी घेऊ नका, प्रत्यक्षात जी येतेय ती घ्या. तुमची ९७ येत असेल तर प्रत्येक घनमीटरला तेवढी जास्त माती जातेय.

आता सातवा थर. त्या बाटलीत जी पावडर टाकता ती कॅल्शियम कार्बाइड, ती ओल्या मातीतल्या पाण्याशी मिळून गॅस करते आणि काटा त्या गॅसचा दाब दाखवतो. हा काटा टक्केवारी दाखवतो ती ओल्या मातीच्या वजनावर. आणि ओएमसी असते कोरड्या मातीच्या वजनावर. दोन्ही सरळ तुलना करायचे आकडेच नाहीत! १६ आलं म्हणजे १०० ग्रॅम ओल्या मातीत १६ पाणी आणि ८४ माती. १६ भागिले ८४ करा, १९ टक्के. तुम्ही दोन टक्के वर नव्हता, पाच टक्के वर होता. मीटरसोबत एक तक्ता येतो बदलून घ्यायचा, तो बहुतेक साइटवर हरवलेला असतो.

१९ टक्के पाण्यात ९५ टक्के कॉम्पॅक्शन का येत नाही ते पण बघा, म्हणजे रोलरवाल्याला उगाच बोलणार नाही. मातीच्या कणांची स्पेसिफिक ग्रॅव्हिटी (पाण्याच्या किती पट जड ते) २.६८ धरली तर १९ टक्के पाणी असताना आतली हवा अगदी शेवटच्या कणापर्यंत काढली तरी ड्राय डेन्सिटी जाते फक्त १.७७ पर्यंत. तुम्हाला हवी १.७६. आणि रोलर सगळी हवा कधीच काढत नाही, थोडी अडकून राहतेच, म्हणजे तुम्ही १.७१ वर थांबलात, ते तुमचं ९२.५. आता पोकळ्यांत पाणी भरलंय, पाणी दाबलं जात नाही आणि चिकण मातीतून पटकन निघूनही जात नाही, म्हणून रोलरचा भार मातीऐवजी पाणी घेतं आणि जमीन गादीसारखी हलते. अशात १४ च्या जागी ४० फेऱ्या मारल्या तरी फरक पडणार नाही, उलट खालचा पास झालेला थर बिघडेल. आधी रोलर थांबवा.

किती पाणी उडवायचं तेही काढता येतं. ५ टक्के गुणिले १.७६ म्हणजे घनमीटरमागे ८८ लिटर, २०० मिमी थराला चौरस मीटरमागे साडेसतरा लिटर. हे नुसत्या वरच्या उन्हाने एका दिवसात होत नाही, वर पापडी धरते आणि खाली चिखल तसाच. थर पूर्ण जाडीने उकरा, ट्रॅक्टरमागे डिस्क लावून उलटापालटा करत राहा, संध्याकाळी पावसाचं चिन्ह असेल तर हलका रोल मारून वरून बंद करा म्हणजे पाणी आत मुरणार नाही, सकाळी परत उकरा.

आणि कृपा करून सॅन्ड रिप्लेसमेंटच्या वेळी (थरात खड्डा घेऊन त्यात वाळू सोडून घनता मोजतात ती टेस्ट) शेजारी व्हायब्रो, म्हणजे हादरे देणारा रोलर, चालू ठेवू नका. मी एका साइटवर बघितलं, खड्ड्यात वाळू सोडली आणि वीस पावलांवर रोलर व्हायब्रेशनवर, सिलेंडरमधली वाळू थांबल्यासारखी होऊन परत खाली सरकायची. हादऱ्याने वाळू खड्ड्यात दाट बसते, जास्त वाळू जाते, खड्डा आहे त्यापेक्षा मोठा धरला जातो आणि चांगला थर फेल दिसतो. पाच मिनिटं रोलर बंद ठेवायला सांगा, कुणी नाही म्हणत नाही.

ओएमसी-एमडीडी कुठल्या प्रॉक्टरची आहे तेही कागद काढून बघा. ही टेस्ट १९३३ ची, राल्फ प्रॉक्टर या इंजिनिअरने लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठ्याच्या धरणांवर काम करताना मांडलेली. तीन थर, २.६ किलोचा हातोडा. पुढे यंत्रं जड झाली तशी मॉडिफाइड आली, पाच थर, ४.९ किलोचा हातोडा जास्त उंचीवरून, ऊर्जा जवळजवळ साडेचार पट. एकाच मातीला मॉडिफाइडमध्ये एमडीडी जास्त आणि ओएमसी कमी येते. करारात एक आणि लॅबमध्ये दुसरी असं झालं तर सगळे थर वादात पडतात.

बकेटवाला_ऑपरेटर

मी १८ वर्षं पोकलेनवर आहे, ताईंनी पाणी किती ते सांगितलं, पण पाणी आलं कुठून ते बघा. सहा थर पास आणि सातवाच ओला म्हणजे माझा अंदाज की तुमची खाण खोल गेली. वरची माती कोरडी होती ती संपली, आता तळाला पाझर लागला असणार. ऑपरेटर तळाची ओली माती भरतोय आणि टँकरवाला मात्र सवयीने पहिल्यासारखंच पाणी मारतोय, बरोबर का बघा.

उपाय असा की मशीन वरच्या बाजूला ठेवायचं, फेस (खाणीची खोदायची बाजू) उभा ठेवायचा आणि बकेट खालून वर पूर्ण ओढायची, म्हणजे तळाची ओली आणि वरची कोरडी एका बकेटमध्ये मिसळून येते. आडवी साल काढत गेलात तर एक दिवस सगळं कोरडं आणि एक दिवस सगळा चिखल. एका कोपऱ्यात तळापेक्षा फूट दीड फूट खोल खड्डा घेऊन पाणी तिकडं वळवा आणि पंप लावा.

मशीन डंपरच्या बॉडीच्या उंचीच्या बेंचवर (मातीच्या पायरीवर) बसवलं की बकेट उचलायची मेहनत वाचते, झोका ९० अंशाच्या आत ठेवा, १४ च्या गाडीला २० टनी मशीनच्या १३-१४ बकेट लागतात, प्रत्येक बकेटला पाच सेकंद वाचले तर दिवसाला किती गाड्या वाढतात ते तुम्हीच मोजा. गाडी भरली की वरून बकेटने थोपटून सपाट करायची, शीग घ्यायची नाही. शीग घेतली तर सांडते आणि दोन गाड्या सारख्या भरत नाहीत, मग ताई म्हणतात तो वजनाचा हिशोब पण बसत नाही.

फेस उभा ठेवा म्हणालो पण खालून पोखरू नका. हात जोडून सांगतो. वरच्या कडेने समांतर भेग दिसली, अगदी बोट जाईल एवढी जरी असली, मशीन मागे घ्या. मी एकदा ती भेग सकाळी बघितली होती, चहा पिऊन आल्यावर दुप्पट रुंद झालेली, मशीन मागे घेतलं आणि तासाभरात तिथला सगळा काठ खाली. एक घनमीटर माती म्हणजे दीड-पावणेदोन टन. खाली गाडीचा क्लीनर उभा असायचा तिथं. तेव्हापासून फेसच्या पायथ्याला मी माणूस उभा राहू देत नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

ऑटो_लेव्हल

ऑपरेटर भाऊ, हे खूप महत्त्वाचं लिहिलंत. सर्व्हेची पोरं स्टाफ (लेव्हल मोजायची आकडे असलेली पट्टी) धरून तिथंच उभी असतात आणि त्यांचं लक्ष लेव्हलकडे असतं, वर नसतं.

पहिला_भराव

आठ दिवसांनी परत लिहितोय, सगळं करून बघितलं.

ऑपरेटर दादांचं तंतोतंत खरं निघालं. खाणीच्या तळाला पाझर होता आणि टँकर रोज ठरलेल्या फेऱ्या मारत होता. मी स्वतः टँकरवाल्याजवळ जाऊन विचारलं, तो म्हणाला पहिल्या दिवशी साहेबांनी सांगितलं तेवढंच मारतोय. चूक त्याची नाही, मी बदल सांगितलाच नव्हता. आता सकाळी खाणीतल्या मातीचं मॉइश्चर घेऊन मगच टँकर ठरवतो, कालपरवा तर पाणी लागलंच नाही.

सातवा थर उकरला, डिस्क लावून अडीच दिवस उलटापालटा केला. पहिल्या दिवशी ढेकूळ फोडलं की आत चकचकीत ओलं दिसायचं, तिसऱ्या दिवशी मुठीत दाबून गोळा केला तर गोळा झाला पण हाताला चिकटला नाही, मधून मोडल्यावर दोन तुकडे झाले. मीटरने १२.५ आलं, ताईंनी सांगितल्याप्रमाणे ८७.५ ने भागलं, १४.३. आठ फेऱ्यांत रोलर वर टणक वाजायला लागला, टेस्टच्या वेळी रोलर बंद ठेवला, ९७.२ आला!!

ट्रिपांचं गणित असं आलं. खाणीत ड्राय डेन्सिटी १.५८. पाच गाड्या काट्यावर नेल्या, निव्वळ वजन सरासरी २०.१ टन, मॉइश्चर १६ (कोरड्यावर, यावेळी चुकलो नाही), म्हणजे कोरडी माती १७.३३ टन. भरावात प्रत्यक्ष १.७९५ येतेय. १७.३३ भागिले १.७९५ म्हणजे एका ट्रिपेत ९.६५ घनमीटर पक्का भराव. काकांचा ०.७२ होता, माझा ०.६९ आला. फुगवटा २७-२८ टक्के आणि दाबल्यावरची घट १२. मागच्या ९१५ ट्रिपा यात घालून उंची काढली तर १.२६ येते आणि लेव्हलने १.३ आहे, म्हणजे डंपरवाल्याने थोडी जास्तच आणली म्हणायची. त्याला हे कागदावर दाखवलं, तो बराच वेळ कागद बघत बसला आणि म्हणाला इतकी वर्षं गाड्या चालवतोय पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सेक्शन पण घेतले दर २० मीटरला, एका ठिकाणी जुना ओढा आहे तिथं दोन जास्तीचे. एकूण माप १३,११० आलं, माझ्यापेक्षा ३६० जास्त. आता उरलेल्या कामाला कडेच्या जास्तीसकट साधारण ६०० ट्रिपा धरल्यात.

एकच राहिलं, स्ट्रिपिंगच्या खड्ड्यात गेलेल्या ९९० चं काय, ते मला मिळतील का?

जुना_मुकादम

शाब्बास भाऊ. ९९० चं उत्तर तुमच्या करारात आहे, भराव कुठून मोजायचा ते वाक्य शोधा. मूळ जमिनीपासून म्हटलं असेल तर ते गेले, ते दरात धरायला हवे होते. स्ट्रिपिंग झालेल्या तळापासून म्हटलं असेल तर तुमचे आहेत, पण त्यासाठी स्ट्रिपिंगनंतरच्या लेव्हल दोघांच्या सहीने घेतलेल्या लागतात. घेतल्या होत्या का?

पहिला_भराव

करारात "तयार केलेल्या तळापासून" असं लिहिलंय. लेव्हल घेतल्या होत्या, वहीच्या दोन पानांवर त्यांच्या इंजिनिअरची सही आहे, शेवटच्या ६० मीटरचं पान मात्र सहीशिवाय आहे, त्या दिवशी तो आला नव्हता.

ऑटो_लेव्हल

मग सही असलेले २४० मीटर आजच बिलात घ्या. उरलेल्या ६० साठी त्यांच्या इंजिनिअरला समोर बोलवा आणि त्या भागात तीन-चार ठिकाणी भरावाच्या पायथ्याशी लहान खड्डा घ्या, मूळ माती आणि भरावाची माती यांचा रंग वेगळा असतो, सांधा स्पष्ट दिसतो, त्या सांध्यावर स्टाफ ठेवून लेव्हल घ्या आणि तिथल्या तिथं सही घ्या. खड्डे नंतर थराथराने धुमसून नीट भरा. पण हे या आठवड्यातच करा, उतार छाटून वर गवत लावलं की मग कुणी उकरू देणार नाही.

पहिला_भराव

उद्या सकाळी नऊला बोलावलंय त्याला. टीबीएम (लेव्हल मोजायला साइटवर पक्की केलेली खूण) तपासून ठेवतो आज.